४-१० वरून १८-१५: मागे पडून फायनल कशी जिंकतात?

विचारणाऱ्यांचा प्रश्न थोडक्यात असा आहे. मार्क सेल्बी या इंग्लंडच्या स्नूकरपटूने वर्ल्ड चॅम्पियनशिपच्या दोन फायनल पाच-सहा फ्रेमनी (फ्रेम म्हणजे एक डाव) मागे पडून जिंकल्या. ही मनाची ताकद म्हणायची की नशीब? आणि त्यातून आपण काही घेऊ शकतो का? कारण त्यांचं स्वतःचं असं होतं, की स्पर्धेत बेस्ट ऑफ फाइव्हमध्ये (पाचपैकी तीन फ्रेम आधी घेईल तो जिंकणार) ०-२ झालं की तिसऱ्या फ्रेमला 'आता मारूनच बघू' म्हणत ते सुटतात आणि बघता बघता ०-३ होऊन घरी येतात.

मी क्लबमध्ये शिकवतो, अधूनमधून स्थानिक स्पर्धांना रेफरी म्हणून उभा राहतो. तुम्ही लिहिलंय ते मी जवळजवळ प्रत्येक स्पर्धेत बघतो, त्यामुळे उत्तर जरा लांबेल. तुमचा रोख मनोधैर्यावर आहे, पण मला तुमच्या प्रश्नातले 'मारूनच बघू' हे दोन शब्द जास्त महत्त्वाचे वाटले. मॅचमध्ये मागे आहोत म्हणून फ्रेममधला शॉट बदलायचा का, असा तो मुद्दा आहे. माझं उत्तर 'नाही' असं आहे आणि ते का, हे सेल्बीच्या रेकॉर्डमधूनच नीट दिसतं.

आधी रेकॉर्ड मांडू. २०१० च्या मास्टर्सची फायनल, बेस्ट ऑफ १९. रॉनी ओ'सलिव्हन ९-६ ने पुढे होता, त्याला एकच फ्रेम हवी होती. सेल्बीने उरलेल्या चारही घेतल्या, १०-९. मग २०१४, शेफील्डचं क्रूसिबल, वर्ल्ड चॅम्पियनशिपची फायनल. समोर पुन्हा रॉनी. तोवर पाच वर्ल्ड फायनल खेळून पाचही जिंकलेला, २०१२ आणि २०१३ चा विजेता, आणि स्कोअर १०-५. सेल्बी जिंकला १८-१४. तिसरी २०१७ ची, त्याच टेबलवर जॉन हिगिन्सविरुद्ध. ४-१० वरून पुढच्या १४ फ्रेममधल्या १२ सेल्बीने घेतल्या आणि १६-१२ केलं. हिगिन्सने तीन परत काढून १६-१५ पर्यंत आणलं, तरी शेवट १८-१५ असा सेल्बीच्याच बाजूने झाला.

आता या यादीत सहसा न येणाऱ्या दोन मॅच. २००७ ची वर्ल्ड फायनल, पुन्हा हिगिन्सच. पहिला दिवस संपला तेव्हा सेल्बी ४-१२ मागे होता. दुसऱ्या दिवशी त्याने १३-१४ पर्यंत मजल मारली, सगळं क्रूसिबल त्याच्या बाजूने झालं आणि मग हिगिन्सने सलग चार फ्रेम घेऊन १८-१३ ने विषय संपवला. २०२३ ला लुका ब्रेसेलविरुद्ध तसंच. शेवटच्या सेशनमध्ये मागून येत १५-१६ पर्यंत पोचला, १५-१८ ने हरला. त्याच फायनलमध्ये त्याने १४७ चा ब्रेकही (ब्रेक म्हणजे एका खेपेत सलग काढलेले गुण) केला होता, वर्ल्ड फायनलमधला पहिलाच. म्हणजे मागून येण्याची त्याची ताकद पाचही वेळा दिसली, निकाल तीन वेळा लागला. आणि हेही विसरू नका की त्याने २०१६ ची फायनल डिंग जुनहुईविरुद्ध सुरुवातीलाच ६-० करून १८-१४ ने जिंकली. त्या विजयाची कोणी गोष्ट सांगत नाही. फायनल जिंकायची तर तीच पद्धत कधीही बरी. मागे पडणं हा काही गुण नव्हे. क्लबमधली काही पोरं 'मी मागे पडलो की मगच पेटतो' असं अभिमानाने सांगतात, त्यांना मी एवढंच विचारतो की मग पहिल्या दोन फ्रेमला काय करत होतास?

आता थोडं गणित. घाबरू नका, कागदावर बसून कोणीही करू शकेल असं आहे. समजा दोन खेळाडू अगदी तुल्यबळ आहेत, प्रत्येक फ्रेम कोणाकडेही जाऊ शकते, पन्नास-पन्नास. आधी १८ फ्रेम घेईल तो जिंकणार अशा मॅचमध्ये ४-१० असताना मागच्याला १४ फ्रेम हव्यात, पुढच्याला ८. याची शक्यता येते साधारण ९.५ टक्के. ५-१० असताना १३ टक्के. मास्टर्समधल्या ६-९ ला सलग चार हव्यात, म्हणजे सोळात एक, सव्वासहा टक्के. आणि तुमचं बेस्ट ऑफ फाइव्हमधलं ०-२? सलग तीन, म्हणजे आठात एक, साडेबारा टक्के.

हा आकडा पुन्हा बघा. ज्या स्कोअरला तुम्ही हात टेकता, तो सेल्बीच्या २०१७ च्या ४-१० पेक्षा कागदावर सोपा आहे! टीव्हीवर ४-१० भयंकर दिसतं, कारण दोन आकड्यांमधलं अंतर मोठं दिसतं. शक्यतेच्या भाषेत ते ०-२ चंच भावंड आहे. दहात एकदा होणारी गोष्ट अनेक वर्षांच्या कारकिर्दीत दोन-तीनदा घडली, तर तिला चमत्कार म्हणायची गरज नाही. म्हणून 'नशीब की ताकद' या प्रश्नाचा अर्धा निकाल इथेच लागतो. जितकं अशक्य वाटतं तितकं ते मुळातच नसतं.

उरलेल्या अर्ध्यात मात्र कौशल्य आहे. हेच गणित थोडं बदलून करा. मागे असलेला खेळाडू तुल्यबळ नसून किंचित सरस आहे, शंभरातल्या ५५ फ्रेम तो जिंकतो असं धरा. ४-१० वरून जिंकण्याची शक्यता साडेनऊवरून एकदम २० टक्क्यांच्या आसपास जाते, म्हणजे दुप्पट. ०-२ ची मात्र साडेबारावरून साडेसोळापर्यंतच. लांब मॅचमध्ये छोटी सरशी साठत जाते, छोट्या मॅचमध्ये तिला साठायला जागाच नसते. कसोटीत पहिल्या डावात मागे पडूनही सामना फिरतो आणि टी-ट्वेंटीत पॉवरप्ले गेला की अर्धी मॅच जाते, तसंच हे. आपल्या मुंबईचा आदित्य मेहता २०१३ च्या इंडियन ओपनच्या फायनलला पोचला, समोर डिंग, पहिला पाच फ्रेम घेईल तो जिंकणार. ०-५. अशा फॉरमॅटमध्ये समोरचा लयीत असेल तर सावरायला वेळच मिळत नाही. म्हणून सेल्बीची गोष्ट जशीच्या तशी उचलून पार्लरच्या मॅचला लावता येत नाही, हे आधी मान्य करायला हवं.

पण एक गोष्ट लावता येते, आणि मला या सगळ्या रेकॉर्डमधली तीच सगळ्यात शिकण्यासारखी वाटते. वर्ल्ड फायनल दोन दिवस, चार सेशनमध्ये खेळतात. पहिल्या दिवशी ८ आणि ९ मिळून १७ फ्रेम होतात. २०१४ ला सेल्बी ५-१० होता, तिथून रात्रीच्या शेवटच्या दोन फ्रेम त्याने घेतल्या. २०१७ ला ४-१० होता, शेवटच्या तीन घेतल्या. दोन्ही वेळा तो झोपायला गेला तेव्हा बोर्डावर एकच आकडा होता, ७-१०.

त्या फ्रेमची किंमत किती? ४-१० ला साडेनऊ टक्के होते, ७-१० ला २४. त्याच तीन फ्रेम हिगिन्सकडे गेल्या असत्या तर ४-१३ झालं असतं आणि शक्यता दीड टक्क्यावर आली असती. म्हणजे तासा-दीड तासाच्या खेळात दीड टक्का की चोवीस टक्के हे ठरलं. दुसऱ्या दिवशीची ट्रॉफीची छायाचित्रं सगळ्यांच्या लक्षात राहतात, पण माझ्या मते ती मॅच आदल्या रात्री वाचली. आणि रात्रभर कोण काय विचार करत पडलं असेल, हे मी वेगळं सांगायला नको. जो १०-४ ने पुढे होता तो १०-७ घेऊन खोलीवर गेला.

ही काही सेल्बीचीच खासियत नाही. १९८५ च्या प्रसिद्ध फायनलमध्ये स्टीव्ह डेव्हिस ८-० ने पुढे होता, पण पहिला दिवस संपला तो ९-७ वर. डेनिस टेलरने मधल्या आठातल्या सात काढल्या होत्या. शॉन मर्फी २००५ ला क्वालिफायर म्हणून, म्हणजे पात्रता फेरीतून आला, फायनलमध्ये मॅथ्यू स्टीव्हन्सविरुद्ध रात्री ६-१० ने मागे होता, आणि १८-१६ ने जिंकला. त्या स्कोअरला चार फ्रेमचं अंतर दिसतं, पण जिंकायला अजून १२ हव्यात आणि समोरच्यालाही अजून ८ लागतात, म्हणजे मॅच उघडीच असते. ०-८ असताना बरोबरी गाठायचा विचार करणारा माणूस वेडा होईल. 'इंटरव्हलपर्यंतचं अंतर किती ठेवायचं' एवढाच विचार करणाऱ्याला पुढच्या फ्रेमचं काम दिसतं.

आता मूळ मुद्दा. मागे असताना जास्त धोका घ्यावा, ही समजूत कुठून येते? बहुधा क्रिकेटमधून. तिथे धावांचा पाठलाग असतो, रनरेट वाढला की मारावंच लागतं, आणि एका षटकात वीस धावा काढल्या तर त्या वीसच्या वीस खात्यात पडतात. स्नूकरमध्ये तसं नाही. फ्रेम १ गुणाने जिंकली काय आणि १०० ने जिंकली काय, बोर्डावर एकच लागते. ०-२ असताना तुम्ही सेंच्युरी मारलीत तरी स्कोअर १-२ च होणार. दोन फ्रेम एकदम परत मिळवून देणारा शॉट या खेळात नाही. मग मॅचच्या स्कोअरकडे बघून शॉट निवडण्यात अर्थ काय राहिला? तुमच्या हातात एवढंच आहे की ही एक फ्रेम जिंकण्याची शक्यता जास्तीत जास्त करायची. आणि ती करण्याचा मार्ग ०-२ ला तोच असतो जो ०-० ला होता.

धोका घ्यायचा तो फ्रेमचा स्कोअर बघून. ४० गुणांनी मागे आहात आणि दोनच रेड (एका गुणाचे लाल बॉल, प्रत्येकानंतर एक रंगीत बॉल घालायचा) उरलेत, तर लांबचा पॉट मारायला, म्हणजे लांबून बॉल पॉकेटमध्ये घालायला हरकत नाही, कारण सेफ्टी (समोरच्याला सोपा बॉल न ठेवणारा बचावाचा शॉट) खेळूनही ती फ्रेम जवळजवळ गेलेलीच असते. पण पंधराही रेड टेबलवर आहेत, दोघांचे शून्य गुण आहेत, आणि केवळ ०-२ आहे म्हणून तुम्ही बॉकवरून, म्हणजे ब्रेक जिथून मारतात त्या टोकाकडून, तीनात एकदा जाणारा रेड मारताय? तो आत गेला नाही तर पांढरा बॉल रेडच्या घोळक्याजवळ उभा राहणार आणि समोरच्याला टेबल उघडं करून मिळणार. आघाडी घेतलेल्या माणसाला याहून चांगली भेट नाही.

सेल्बी नेमकं याच्या उलट करतो. ओ'सलिव्हनने त्याला 'टॉर्चरर', म्हणजे छळणारा, असं नाव ठेवलंय, ते उगीच नाही. त्याची मागे असतानाची फ्रेम एकदा शॉट-शॉट थांबवून बघा. समोरचा लयीत आहे, पंधरा-पंधरा मिनिटांत फ्रेम संपवतोय. सेल्बीसमोर अर्धवट दिसणारा लांबचा रेड आहे. तो मारत नाही. घोळक्याच्या कडेच्या रेडला पातळ स्पर्श करून पांढरा परत बॉक कुशनला, म्हणजे त्या टोकाच्या कडेला, नेऊन चिकटवतो, शक्य झालं तर हिरव्या किंवा पिवळ्याच्या मागे. समोरच्याला क्यू (खेळायची काठी) उंच धरून, कुशनवरून खेळावं लागतं. तो जरा जाड लागला की सेल्बीला रेड मिळतो. पण इथेही तो सेंच्युरीच्या मागे लागत नाही. वीस-पंचवीस काढतो, आणि पुढचा रंग अवघड दिसला की पुन्हा सेफ्टी. मध्येच काळा बॉल साइड कुशनला जाऊन बसतो, गुलाबी रेडमध्ये अडकतो. लोकांना वाटतं टेबल बिघडलं. पुढे असलेल्या, एका व्हिजिटमध्ये (टेबलावरच्या एका खेपेत) फ्रेम संपवणाऱ्या खेळाडूचं टेबल बिघडलेलं असतं, सेल्बीचं नव्हे. कारण काळा कुशनला चिकटला की रेड-काळा, रेड-काळा अशी लय तुटते. तिथे एका दमात सत्तर-ऐंशी काढणं जड जातं. फ्रेम तीन-चार व्हिजिटची होते, चाळीस मिनिटांची होते, आणि अशा फ्रेममध्ये सेल्बी कोणाहीपेक्षा सरस आहे. मघाशी ५५ टक्के म्हटलं ते असे येतात.

हे बघायला नेहमी छान असतं असं मी म्हणणार नाही. क्रूसिबलवरची तोवरची सगळ्यात लांब फ्रेम २०२२ ची, यान बिंगताओ आणि सेल्बी यांची, ८५ मिनिटांची. त्याआधीचा ७६ मिनिटांचा विक्रम २०१६ ला मार्को फूविरुद्ध झाला होता, त्यातही सेल्बीच. माझ्याकडची पोरं अशा फ्रेम पुढे ढकलून बघतात. मी त्यांना मुद्दाम बसवून दाखवतो.

'पण हेंड्री?' असं इथे कोणीतरी विचारणारच, आणि रास्त विचारणार. १९९२ ची फायनल. जिमी व्हाइट १४-८ ने पुढे, त्याला चार हव्यात. स्टीफन हेंड्रीने सलग दहा फ्रेम घेतल्या, १८-१४. तुल्यबळ धरलं तर ही शक्यता पाच टक्क्यांच्याही खाली होती. आणि हेंड्री काही सेफ्टीच्या जाळ्यात गुंतवणारा खेळाडू नव्हता, तो लांबचा रेड घालून, निळ्यावरून घोळका फोडून एका व्हिजिटमध्ये फ्रेम संपवायचा. मग माझं म्हणणं खोटं ठरतं का? नाही. कारण हेंड्री ०-० ला पण तसाच खेळायचा. तो लांबचा रेड त्याच्यासाठी जुगार नव्हताच, त्याचा जाण्याचा दरच इतका होता. ८-१४ झालं म्हणून त्याने सेफ्टीचं दुकान उघडलं नाही आणि ४-१० झालं म्हणून सेल्बीने मारधाड सुरू केली नाही. दोघांनीही स्वतःचाच खेळ खेळला. तुमचा जो रोजचा खेळ आहे, ज्यात तुम्ही सराव केलाय, तो सोडून तिसऱ्याच कोणाचा खेळ ०-२ ला खेळायचं ठरवलंत तर तो नीट येणार कुठून?

आता पुढे असलेल्याबद्दल थोडं, कारण मागून येण्याची अर्धी गोष्ट समोरच्या खुर्चीत घडत असते. रेफरी म्हणून टेबलाच्या कडेला उभं राहिलं की ती जवळून दिसते. २-० ने पुढे गेलेला खेळाडू तिसऱ्या फ्रेमला दोनपैकी एक करतो. एकतर सैल होतो, भिंतीशी बसलेल्या मित्राशी बोलतो, चॉक लावायला विसरतो. नाहीतर आवळला जातो. आवळल्याची खूण हातात दिसते: क्यू पुढे जाताना शेवटच्या क्षणी मंदावतो, बॉल पॉकेटपर्यंत पोचतो पण पांढरा हवा तिथे जात नाही. ०-० ला त्याने डोळे मिटून मारला असता असा मधल्या पॉकेटचा रेड तो आता सोडतो. अशा माणसाला सोपी संधी दिली तर तो पुन्हा मोकळा होतो. एखादा सोपा ब्रेक हे आवळलेल्या हाताचं सगळ्यात चांगलं औषध आहे. तुमचं 'मारूनच बघू' म्हणजे त्याला ते औषध देणं. पाच मिनिटं अवघड सेफ्टी खेळायला लावा, आणि बघा काय होतं ते.

डेव्हिस तर त्या काळचा सगळ्यात थंड डोक्याचा खेळाडू होता, तरी १९८५ ला शेवटी काय झालं? तो १७-१५ ने पुढे गेला, टेलरने १७-१७ केलं. शेवटची फ्रेम ६८ मिनिटं चालली. डेव्हिस ६२-४४, टेबलवर तपकिरी, निळा, गुलाबी, काळा. म्हणजे ४, ५, ६ आणि ७, एकूण २२. टेलर १८ ने मागे, त्याला चारही हवेत, एकही सोडून चालणार नाही. त्याने तपकिरी घातला, निळा घातला, गुलाबी घातला. ६२-५९. मग एकट्या काळ्यावर दोघांच्याही हुकाहुकी. डेव्हिसला काळ्याचा पातळ कट मिळाला, तो जरुरीपेक्षा पातळ लागला आणि हुकला. टेलरने पुढचा घातला. रात्री बारा वाजून गेले होते आणि ब्रिटनमध्ये १ कोटी ८५ लाख लोक टीव्हीसमोर जागे होते. दोन दिवसांच्या मॅचमध्ये टेलर पहिल्यांदा पुढे गेला तो शेवटचा बॉल पडल्यावर. त्या चार रंगांच्या वेळी ०-८ चा विचार करून त्याला काहीही उपयोग नव्हता. '१८ हवेत, २२ आहेत' एवढंच कामाचं होतं.

आतापर्यंतचं एका दमात सांगायचं तर, शक्यता वाटते तेवढी वाईट नसते, इंटरव्हलच्या आधीच्या फ्रेम सोन्याच्या असतात, आणि शॉट मॅचच्या नव्हे, फ्रेमच्या स्कोअरवरून निवडायचा. बाकी परिस्थितीवर आहे. समोरचा तुमच्यापेक्षा खरोखरच दोन पायऱ्या वरचा असेल, तर ०-२ हा अपघात नसतो आणि कोणतीही युक्ती फार उपयोगाची नाही. टेबल खूप वेगवान किंवा खूप संथ असेल तर पहिल्या फ्रेम अंदाज घेण्यातच जातात आणि मग मागून येणं सोपं वाटतं, ते टेबल कळल्यामुळे. आपल्याकडे बऱ्याच स्पर्धा सिक्स-रेडच्या असतात, तिथे टेबलवर एकूण ७५ च गुण असतात, एक बरा ब्रेक लागला की फ्रेम गेली. तिथे सेफ्टीचं हे सगळं निम्मंच लागू पडतं. उलट पंधरा रेडच्या फ्रेममध्ये, आपल्या पातळीला जिथे वीस-तीसचे ब्रेक होतात, तिथे तीस गुणांची पिछाडी म्हणजे काहीच नाही, आणि तरी मी लोकांना तिथे हात मिळवून मोकळं होताना बघतो.

सरावाचं विचारलंत म्हणून सांगतो. मित्राबरोबर खेळताना नेहमी ०-० ने सुरू करू नका. बेस्ट ऑफ फाइव्ह ०-२ पासूनच सुरू करा, आलटून पालटून. हरणाऱ्याने टेबलचे पैसे भरायचे ही आपली रीत इथे उपयोगी पडते, थोडी टोचणी असल्याशिवाय ०-२ खरं वाटत नाही. पुढे असलेल्याच्या जागीही बसा, आपला हात कुठे आवळतो ते कळेल.

दुसरं, सहा रेड उरलेत आणि तुम्ही ३० ने मागे आहात अशी फ्रेम मांडा. यात दर शॉटला एकच गोष्ट मोजायची: तुमच्या शॉटनंतर समोरच्याला सोपा रेड दिसला की नाही. पॉट मोजू नका. माझ्याकडे हा सराव करणाऱ्यांना आपण किती 'फुकट' रेड देतो हे बघूनच धक्का बसतो.

तिसरं जरा चिवट आहे. फक्त सहा रंग जागेवर ठेवा आणि स्वतःला २९ ने मागे धरा. रंगांचे एकूण २७, म्हणजे एक स्नूकर (पांढरा दुसऱ्या बॉलमागे लपवून समोरच्याला फाऊल करायला लावणं) हवाच. पिवळ्यावर स्नूकर लागून समोरच्याने ४ चा फाऊल दिला की अंतर २५ होतं आणि सगळे रंग घातले तर फ्रेम तुमची. बहुतेक वेळा जमणार नाही. पण तपकिरी किंवा हिरव्यामागे पांढरा कसा लपवायचा, किती जोर लागतो, हे हाताला कळायला लागेल आणि मॅचमध्ये क्यू खाली ठेवण्याआधी तुम्ही दोनदा विचार कराल. हिगिन्सने २०१० च्या यूके चॅम्पियनशिपची फायनल मार्क विल्यम्सविरुद्ध ५-९ वरून १०-९ अशी जिंकली, तीही स्नूकर हवा असलेली फ्रेम वाचवूनच.

आणि स्पर्धेत ०-२ झालं की तिसऱ्या फ्रेमच्या आधी उठून बाहेर जा, तोंडावर पाणी मारा, रेफरीला सांगून पाच मिनिटं मिळत असतील तर ती घ्याच. आपल्या छोट्या मॅचमध्ये सेशनच्या मधली रात्र मिळत नाही, मिळाली तर ही पाच मिनिटंच. परत आल्यावर ब्रेक, म्हणजे फ्रेमचा पहिला शॉट, तुमचा असेल तर घाई न करता चॉक लावा आणि घोळक्याच्या कडेच्या रेडला पातळ लागून पांढरा बॉक कुशनला येईल असाच रोजचा ब्रेक मारा. जोराने घोळका फोडायचा मोह तेव्हाच सगळ्यात जास्त होतो.